दोराचं दुसरं टोक

१

मौलालीला मोडलेलं झाड उतरवायला बोलावलं की पहिला तासभर तो कशालाच हात लावत नसे. झाडाभोवती फिरायचा, लांब जाऊन बघायचा, परत येऊन बुंध्यावर तळवा टेकवून उभा राहायचा. उभं झाड आपला भार आपण पेलतं. वादळात मोडलेल्या झाडात तो भार कुठंतरी अडकून बसलेला असतो, आणि नेमका कुठं हे कळायच्या आधी करवत लावली तर माणूस जातो. घाईनं चढलेले तिघं ओळखीतले त्यानं असेच गमावले होते.

त्या दिवशीही तो फिरत होता. जागा कोल्हापुरातली, नागाळा पार्कातली एक गल्ली, रिटायर झालेल्या यज्ञेश्वर मास्तरांचं अंगण. परवा गारांचा वळीव झाला, त्यात मास्तरांचा रेनट्री मधोमध चिरला होता. झाड जुनं, तिघांच्या कवेत न मावणारं. त्याची म्हशीच्या पोटाएवढी जाड फांदी मोडून, पण न सुटता, स्वयंपाकघराच्या कौलांवर लोंबत होती. महापालिकेची परवानगी आली होती, वायरमन तारा सोडवून गेला होता. मास्तर आणि त्यांच्या पत्नी विमलाताई दोन दिवस पुढच्या खोलीत शेगडी मांडून चहा करत होते.

“घरावर पडणार नाही ना, मौलालीभाई?” मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मौलाली वर बघत राहिला.

“पडणार न्हाय, मास्तर. उतरणार हाय,” नजीरा म्हणाली. “तुम्ही आत बसा निवांत. त्यांनी तोंड उघडायला अजून अर्धा तास हाय.”

नजीरा म्हणजे त्याची बायको. झाडं उतरवणारे बाकीचे लोक दोर धरायला गडी ठेवतात. मौलालीनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी कागलात एका चिंचेखाली नजीराच्या हातात दोर दिला, त्याला आता छत्तीस वर्षं झाली. तेव्हा लोक हसायचे. “बाईमाणसाच्या हातात जीव देतोस व्हय रं?” मौलाली म्हणायचा, “मग कुणाच्या देऊ?”

रीत साधी होती. झाडाच्या सगळ्यांत वरच्या भक्कम बेचक्यातून दोर घ्यायचा, विहिरीच्या रहाटावरून घेतात तसा. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं खाली धरणाऱ्याच्या हातात. तो वर सरकला की खाली दोर ओढून घ्यायचा, तो बाजूला किंवा खाली निघाला की सोडायचा, आणि पाय निसटलाच तर पेलायचा. चढल्यावर बोलायचं नाही. वाऱ्यात अर्धं ऐकू येतं आणि त्या अर्ध्यानंच घात होतो. दोराला एक हिसका म्हणजे सोड, दोन म्हणजे ताण. खालून एक हलका हिसका परत आला की कळलं.

आणि एक नेम दोघांनी स्वतःच घातलेला. कमरेची गाठ धरणाऱ्यानंच बांधायची आणि सोडायची तीही त्यानंच. चढणाऱ्यानं तिला बोट लावायचं नाही. म्हणजे धरणाऱ्याच्या हाताला ठाऊक असतं की टोकाला कोण आहे.

छत्तीस वर्षांत खाली रस्त्यावर नजीराशी कोण बोलतं, कोण हसतं, हे मौलालीनं कधी मनाला लावून घेतलं नाही. वरून त्याला दोर सांगायचा. ती बोलेना का दुसऱ्या कुणाशी, तिचं ध्यान दोरातून त्याच्या कमरेपर्यंत येत असे, ऊब यावी तसं.

२

नजीरानं गाठ मारली. मौलालीनं श्वास आत ओढला.

“आवळ झाली.”

“रोजच्यासारखीच हाय की.”

“पोट दबतंय.”

“मग पोट घरी ठिवून यायचं,” ती म्हणाली आणि गाठीवर थाप मारली.

तिची बोटं मापाला कधी चुकत नसत. आज ती त्याच्या कमरेच्या चार बोटं आत थांबली होती. तिनं गाठ सैल करून दिली खरी, पण करताना तिच्या कपाळाला आठी पडली. माप तिचं बरोबर आणि कमरच चुकीची आली, अशी.

तो चढला. साठी उलटलेली. पूर्वी पाच मिनिटांत जायचा तिथं आता वीस लागत. सकाळचं काम हलकं होतं. बारीक फांद्या कापून टाकायच्या, आणि मोडकी फांदी वेगळ्या जाड दोरानं वरच्या खोडाला जखडून ठेवायची. दुपारी ती कापली की कौलांवर न आदळता खोडाकडं झुलत येईल आणि लोंबत राहील. मग तिचे तुकडे सावकाश करता येतात.

जखडून झाल्यावर तो एका फांदीच्या बुडाशी दम खात बसला. हलत नव्हता. तेव्हा त्याला दिसलं की खाली नजीरा दोर सोडते आहे. एक हात, दोन हात, पाच हात, न अडखळता.

त्यानं कमरेशी बघितलं. सोडलेला दोर बेचक्यावरून त्याच्याकडं यायला हवा होता. आला नाही. कमरेशी दोर होता तसाच ताठ. खाली तिच्या पायाशी पडलेलं भेंडोळं मात्र कमी झालं होतं.

त्यानं वर बघितलं. बेचकं पानांत बुडालेलं होतं आणि पानं हलत होती. वारा होताच, त्यात वावगं काही नव्हतं. दोर कुठल्या फांदीत गुंतला असेल, वरच झोळ पडला असेल. असं होतं कधीकधी.

मग नजीरानं मान वर केली आणि दोराला एक हलका हिसका दिला. कळलं, म्हणून.

तो हिसका मौलालीपर्यंत आला नाही.

३

बारा वाजता तो खाली उतरला. पहिल्यांदा त्यानं दोर बघितला. दोन्ही बाजू सरळ, झोळ कुठंच नाही, भेंडोळं नेहमीएवढं. म्हणजे आपलीच नजर चुकली, असं त्यानं ठरवलं. तरी तो बोलला.

“मघाशी दोर कशाला सोडलास?”

“तुम्हीच मागितला की.”

“मी बसलोतो.”

“बसलेला माणूस हिसकं देतो व्हय? एक आला, सोडला. परत आला, परत सोडला. लई चपळ चाललंय आज तुमचं.” ती हसली. “बघून बरं वाटलं. जोयाच्या येळंचं दिस आठवलं मला.”

जोया त्यांची लेक, आता नेसरीला दिलेली, स्वतःच दोन मुलांची आई.

ते कौतुक मौलालीला घ्यावंसं वाटलं. बायकोनं असं म्हणून किती वर्षं झाली होती. पण तेव्हा तो एका जागी बसून होता, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार. म्हणजे कौतुक होतं ते त्याचं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपल्या दारात पडावं तसं ते त्याच्यासमोर पडलं होतं.

तिनं डबा उघडला. कडक पापुद्र्याची ज्वारीची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा, खर्डा.

मौलालीच्या तोंडात वरचे दात नव्हते. पाच वर्षं नजीरा त्याला भाकरी आमटीत कुस्करून देत होती.

“हे मला चावंल व्हय?”

ती भाकरीकडं बघत राहिली. “सकाळी बांधली खरी,” ती हळूच म्हणाली. “हातानं बांधली.”

“कुणासाठी?”

“कुणासाठी म्हंजे? खुळं का काय तुम्ही.” तिनं भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून त्याच्या हातात दिला. “घ्या. मऊ झालीया.”

तो चघळत बसला आणि तिच्याकडं बघत राहिला. तिच्या डोळ्यांत सुरमा होता. जोयाच्या लग्नानंतर तिनं सुरमा घातलेला त्याला आठवत नव्हता. विचारावं असं मनात आलं. पण विचारलं तर काय विचारणार? छत्तीस वर्षांच्या बायकोला, नातवंडं झालेल्या बाईला, तू झाडावर कुणाकडं बघतेस?

त्याच्या ओळखीत एक संशयी माणूस होता. बायको पाण्याला गेली की मागं जायचा. मौलाली त्याला हसायचा. आता पाण्यात भिजलेली भाकरी जिभेवर विरघळत होती आणि त्याला त्या माणसाची घाई समजत होती.

४

दुपारी खरं काम होतं. मास्तर आणि विमलाताई दारात येऊन उभे राहिले.

मोडक्या फांदीला आधी खालून चतकोर काप घ्यायचा आणि मग वरून कापत यायचं. तसं केलं की साल फाटत जात नाही आणि फांदी सांगितल्या जागी सुटते. मौलालीनं खालचा काप घेतला. करवत वर लावली, अर्ध्यापर्यंत आणली. आता त्याला बाहेर वाकायचं होतं. वाकण्याआधी दोर ताठ हवा, म्हणून त्यानं दोन हिसके दिले.

उत्तर आलं नाही.

त्यानं परत दोन दिले, जरा जोरानं. उत्तर नाही.

तिचेही हात आता पन्नाशी ओलांडलेले. बधिर झाले असतील, घामानं सुटले असतील. असं मनाशी म्हणत त्यानं फांद्यांमधून खाली बघितलं.

नजीरा नीट उभी होती. पाय रोवलेले, दोर मुठीत. तोंड वर. पण ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिची नजर त्याच्या डोक्यावरून पंधरा हात वर, शेंड्याच्या पानांत लागली होती. आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मौलालीनं लगेच ओळखलं. कागलातल्या चिंचेखाली तिनं पहिल्यांदा दोर धरला तेव्हा ती अशी बघत होती, घाबरलेली आणि खूश. तेव्हा चिंचेच्या शेंड्यावर तो होता. ते बघणं आणखी थोडा वेळ मिळावं म्हणून गरज नसताना तो आणखी वर गेला होता.

नंतर ते बघणं हळूहळू विझलं. माया होती, काळजी होती, रात्री गुडघ्याला तेल होतं. ते मात्र नव्हतं. मौलालीला वाटायचं, वयानं विझलं. सगळ्यांचंच विझतं.

विझलं नव्हतं. ते जपून ठेवलेलं होतं.

त्याच वेळी त्याचा पाय साल सोडून निसटला. तो पडला. दोरानं पेललं, पण हातभर उशिरा. छत्तीस वर्षांत नजीराला कधी बोटभरही उशीर झाला नव्हता. तो फांदीला पोटाशी धरून लोंबकळला, धडपडत परत बसला. बरगडी ठणकत होती. खाली बघितलं. तिनं दोर पेलला होता तो न बघताच, घरकाम करताना पदराला लोंबणारं पोर एका हातानं सरकवावं तसा. तिची नजर वरच होती.

५

मौलालीनं करवत अर्ध्या कापात तशीच सोडली.

एकदा, खूप वर्षांपूर्वी, हातकणंगल्याजवळच्या एका वडावर त्यानं फक्त खाज आली म्हणून दोरावरचा भार क्षणभर काढला होता. खालून लगेच नजीराचा आवाज आला होता, बोलायचं नाही हा नेम मोडून. “काय झालं?” इतकं तिला कळत असे. दोरातला एक श्वास तिला कळत असे.

आता त्याला तेवढंच हवं होतं. तिनं विचारावं. काय झालं, एवढंच म्हणावं.

म्हणून त्यानं गाठ सोडली.

ती सोडताना नख मोडलं. आतापर्यंत ही गाठ त्यानं कधी सोडली नव्हती, त्यामुळं कुठला वेढा आधी काढायचा हेही त्याला माहीत नव्हतं. शेवटी ती सुटली. त्यानं टोक एका हातात धरलं, दुसऱ्या हातानं फांदी. खाली कान लावून बसला.

नजीरा काही बोलली नाही.

त्याची मूठ सैल झाली. टोक खाली लोंबायला हवं होतं. ते लोंबलं नाही. ते वर निघालं. हिसका नाही, घाई नाही. एक हात, थांबलं, एक हात, थांबलं. जवळ बसून कुणीतरी दोर गोळा करत असावं तसं. ते त्याच्या तोंडावरून गेलं आणि पानांत शिरलं.

बेचक्यावरून दोर घसरला, दुसरं काय. तिकडं तिच्या हातातला भार जास्त, इकडं टोक हलकं, मग ते वर जाणारच. विहिरीवरसुद्धा असंच होतं. मौलालीनं हे स्वतःला नीट, शब्द जुळवून सांगितलं.

मग पानांतून एक आवाज आला, दोराचे पेड एकमेकांवर आवळले जातात तो, आणि पाठोपाठ खाली नजीराचे दोन्ही पाय मातीत रुतले. तिच्या हातात वजन आलं होतं. तिनं कमर मागं टाकून ते घेतलं. आणि दोराला एक हलका हिसका दिला.

मौलाली त्या वेळी फांदीवर मोकळाच बसला होता.

६

तो बुंध्याच्या मागच्या अंगानं उतरू लागला. दोराशिवाय तो कधी उतरला नव्हता. खोडाला मिठी, मग एक पाय, मग चाचपडणं, मग दुसरा. कपाळ सालीला घासत होतं. निम्म्यावर आला तेव्हा वर करवत सुरू झाली.

ती त्याचीच करवत होती. दाते कुठं बोथट आहेत ते त्याला आवाजावरून कळलं. तीन ओढा आणि एक दम. तीन ओढा आणि एक दम. ही लय त्याला कुणी शिकवली नव्हती, आणि त्यानंही कुणाला शिकवली नव्हती. फक्त आता दम आखूड होता. म्हाताऱ्याला तेवढा पुरत नाही.

“नजीरा,” त्यानं हाक मारली. खोडामागून ती घोगरी आली.

लाकूड बोललं. फांदी सुटली आणि सांगितल्याप्रमाणं झुलत खोडाकडं आली. त्यानं अंग सालीला चिकटवलं. सबंध झाड हादरलं, पानांचा फटका त्याच्या पाठीवरून गेला आणि फांदी त्याच्यापासून दोन हातांवर लोंबत फिरत राहिली. खाली माणूस आहे की नाही हे वरच्यानं बघितलं नव्हतं. बघायचं कारण नव्हतं. त्याच्या हिशेबी झाडावर एकच माणूस होता.

मौलालीचे पाय जमिनीला लागले. खोडाला धरून तो पुढच्या बाजूला आला.

“वा,” मास्तर म्हणत होते. “एक कौल हललं नाही.” ते वर बघत होते.

विमलाताई त्याच्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या. हाताचा आडोसा डोळ्यांवर धरून त्यांनी शेंड्याकडं तोंड केलं. “आता जपून उतरा हो, मौलालीभाई,” त्या म्हणाल्या.

तो त्यांच्यासमोरून नजीराकडं गेला. तिच्या कपाळावर घाम होता, सुरमा जरा ओघळला होता. दोर तिच्या मुठीतून सावकाश सुटत होता, हात, दोन हात. ती इतकी सुरेख दिसत होती की त्याला रडू येईल असं वाटलं.

त्याचा हात दोराकडं गेला. एवढंच करायचं होतं. धरायचा आणि एकदा जोरानं ओढायचा. धरणाऱ्याचा हात हलला की वरचा राहत नाही. मग जे काय असेल ते खाली येईल, पडेल, आणि नजीरा वळून बघेल.

दोर त्याच्या बोटांना लागला. तो गरम होता आणि त्यात तिचं सगळं ध्यान वर चाललं होतं, जसं छत्तीस वर्षं येत होतं तसं. ओढला तर माणूस तिच्या हातून पडणार होता. तिच्या हातून कधी कुणी पडलं नव्हतं.

त्यानं हात मागं घेतला.

“नजीरा,” तो म्हणाला. “अगं, मी हितं हाय.”

तिनं नजर काढली नाही. आवाजात राग नव्हता. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही सांगावं तसं ती म्हणाली, “पावणं, जरा बाजूला व्हा की. माझा माणूस उतरतोय.”

वर पानं बाजूला झाली. एक अनवाणी पाऊल खाली आलं. अंगठ्यानं साल चाचपली, जागा सापडली, टाच टेकली. टाचेला एकही भेग नव्हती. मग दुसरं पाऊल.

दोराला एक हिसका आला. नजीरानं सोडला.

मौलाली तीन पावलं मागं सरला. माणूस उतरत असताना झाडाखाली कुणी उभं राहायचं नसतं.